आखणाऱ्या हाताचा इतिहास

यंत्रच आता चिपची आखणी करते, असे वाचले की ती अगदी आजची नवलाई वाटते. प्रत्यक्षात आखणारा हात चिपपासून दूर सरकू लागला त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. कृत्रिम बुद्धिमत्तेने या क्षेत्रात नेमके काय बदलले हे समजायचे, तर आधी ही मागची वाट पाहावी लागते.

नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर जाहीर केला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्यांची मांडणी माणसांनी हाताने आखली होती. अनेक पटींनी मोठा केलेला नकाशा रुबिलिथ नावाच्या तांबड्या पटलावर पात्याने कापायचा, नको तो थर सोलायचा आणि मग छायाचित्रणाने त्याला लहान करत न्यायचे. ही चिप घडवणाऱ्या फेदेरिको फाजिन यांनी चिपवर आपली आद्याक्षरे कोरली. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो तशी.

हे काम किती बारकाईचे असते याचा थोडा अनुभव मला आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एका लहान कारखान्यात मी सर्किट बोर्डाची आखणी शिकलो, तीही चिपपेक्षा फार सोपी. पारदर्शक शीटवर काळी चिकटपट्टी लावत रेघा ओढायच्या. आमचे मिस्त्री मागे येऊन उभे राहत आणि एवढेच विचारत, "ही इथून का नेलीस?" उत्तर देता आले नाही, तर पट्टी उपटायला लावत.

मोठ्या प्रयोगशाळांत तोवर हे काम संगणकाकडे जाऊ लागले होते. १९७३ मध्ये बर्कले येथे लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी 'स्पाइस' हा प्रोग्राम मांडला. सर्किट बनवण्याआधीच ते कसे वागेल याचे गणित त्याने करता येऊ लागले. १९८३ मध्ये आयबीएममधील कर्कपॅट्रिक, जेलाट आणि वेक्की यांनी मांडणीच्या प्रश्नाला वेगळेच उत्तर दिले. तापलेला धातू सावकाश निवू दिला की त्यातले अणू नीट बसतात. तसेच घटकांच्या जागा आधी मनसोक्त अदलाबदल करायच्या, प्रसंगी वाईट बदलही स्वीकारायचा आणि हळूहळू ही मोकळीक कमी करत न्यायची. म्हणजे यंत्राने मांडणी शोधणे चाळीस वर्षांपूर्वीच सुरू झाले होते.

२०२१ मध्ये गुगलच्या संशोधकांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. त्यात यंत्र एकेक घटक चिपवर ठेवत जाते; तारांची लांबी आणि दाटी पाहून त्याला गुण मिळतात आणि त्या गुणांवरून ते शिकते. तज्ज्ञांना आठवडे किंवा महिने लागणारी मांडणी सहा तासांच्या आत होते, असा दावा होता. त्यावर वाद झाला. २०२३ मध्ये सॅन डिएगोच्या अँड्र्यू कांग यांच्या गटाने पडताळणी केली, तेव्हा १९८३ची ती जुनी पद्धत अनेक चाचण्यांत या नव्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. आमच्या यंत्राला आधीचा सराव न देताच ही तुलना केली गेली, असे गुगलच्या संशोधकांचे उत्तर होते.

या वादात कोणाची बाजू बरोबर, यापेक्षा मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हा वाद घालता आला, कारण तारेची लांबी कोणालाही मोजता येते. खरी अडचण दुसरीकडे आहे.

१९९६च्या सुमारास ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी पुन्हा पुन्हा जोडणी बदलता येईल अशा चिपचा शंभर कोशांचा एक तुकडा घेतला. एक किलोहर्ट्झ आणि दहा किलोहर्ट्झचे स्वर वेगळे ओळखायचे, एवढेच काम होते. सर्किट माणसाने आखले नाही. हजारो पिढ्यांच्या निवडीतून ते आपोआप घडले आणि चालले. पण त्यातले काही कोश उरलेल्या सर्किटला जोडलेले दिसत नव्हते, तरी ते बंद केले की काम बिघडे. सर्किट त्याच चिपच्या दुसऱ्या भागात नेले तरी नीट चालेना. ते त्या विशिष्ट तुकड्याच्या गुणदोषांवर पोसलेले होते.

२०२४च्या अखेरीस प्रिन्स्टन आणि आयआयटी मद्रास येथील संशोधकांनी बिनतारी चिपसाठी यंत्राकडून आकार काढून घेतले. ते ठिपक्यांच्या विस्कळीत नक्षीसारखे दिसतात, पण काम चोख करतात. अमुक ठिपका तिथेच का, हे सांगणे मात्र अवघड आहे.

फाजिन यांच्या चिपमधल्या प्रत्येक रेघेमागे कोणीतरी कारण दिलेले होते. नंतरच्या साधनांनी रेघ ओढण्याचे श्रम वाचवले, पण कारण माणसाकडेच राहिले. आता कारणाऐवजी फक्त चाचणीचा निकाल हाती येत आहे. निकाल चांगला असेल तेव्हा हे चालून जाते. चिप बिघडते तेव्हा कोणती रेघ उपटायची, हे ठरवायला कारणच लागते. आखणी यंत्राने खुशाल करावी. पण शिकणाऱ्याच्या मागे उभे राहून "ही इथून का नेलीस?" असे विचारणारे माणूस कारखान्यात उरायला हवे, आणि त्याचे उत्तर शोधायला लागणारा वेळही.