कॉफी, ज्युरी आणि भरपाई

अमेरिकेतल्या दिवाणी न्यायाची ओळख करून घ्यायची असेल, तर आधी सुझन सॅलडॉफ यांचा ‘हॉट कॉफी’ हा २०११ सालचा माहितीपट पाहावा. कायद्याचं पूर्वज्ञान लागत नाही. सॅलडॉफ स्वतः पीडितांच्या बाजूने लढणाऱ्या वकील. त्यामुळे माहितीपट तटस्थ नाही, हे लक्षात ठेवूनच तो पाहिलेला बरा.

फेब्रुवारी १९९२. अल्बुकर्कीत ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक नातवाच्या थांबलेल्या गाडीत मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीचं झाकण काढत होत्या. कॉफी मांडीवर सांडली. भाजणं इतकं खोल होतं की त्वचारोपण करावं लागलं. त्यांनी २०,००० डॉलर मागितले. कंपनीने ८०० देऊ केले. १९९४ मध्ये ज्युरीपुढे आलं ते असं: कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला ठेवायची हा कंपनीचाच नियम होता आणि दहा वर्षांत भाजल्याच्या ७०० तक्रारी तिच्या दप्तरी होत्या. ज्युरीने लीबेक यांनाही २० टक्के जबाबदार धरून दोन लाखांची भरपाई १ लाख ६० हजारांवर आणली. दंडात्मक भरपाई मात्र २७ लाख डॉलर ठरवली, म्हणजे कंपनीची साधारण दोन दिवसांची कॉफीविक्री. न्यायाधीशांनी ती ४ लाख ८० हजारांवर आणली. शेवटी गुप्त तडजोड झाली.

लोकांच्या कानी गेला तो फक्त लाखांचा आकडा. वीस टक्के, सातशे तक्रारी, न्यायाधीशांची कात्री हे सगळं गळून पडलं आणि एका जखमी म्हातारीची देशभर चेष्टा झाली. मला याचा आजही राग येतो. ‘फुकट्या दाव्यां’ची ओरड करून भरपाईवर कमाल मर्यादा घालणारे कायदे पुढे रेटणाऱ्यांना ही चेष्टा फार उपयोगी पडली. नेब्रास्कात जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेल्या मुलाला ज्युरीने ५६ लाख डॉलरहून अधिक देऊ केले; राज्याच्या कायद्याने ते साडेबारा लाखांवर थांबले. त्या मुलाच्या आयुष्यभराच्या शुश्रूषेचा उरलेला भार कुटुंबावर आणि करदात्यांवर आला. न्यायाधीशांच्या निवडणुका आणि नोकरीच्या करारातली सक्तीच्या लवादाची कलमं हे माहितीपटाचे आणखी दोन धागे.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. दोन दिवसांच्या विक्रीचा हिशेब मांडताना ज्युरीने जो विचार केला, त्याच्या जवळ जाणारं तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सांगितलं होतं: घातक उद्योग जितका मोठा आणि संपन्न, तितकी भरपाई जास्त. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने भोपाळ वायुदुर्घटनेचे दावे भारताकडे परत पाठवले, आणि १९८९ ची ४७ कोटी डॉलरची तडजोड खटला पूर्ण चालण्याआधीच झाली. कंपनीला काय ठाऊक होतं, याची उलटतपासणी भोपाळकरांना मिळाली नाही.