प्रकारबद्ध गुणधर्म (पीएचपी)

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये ज्या गुणधर्मासोबत त्यातील मूल्याचा प्रकारही घोषित केलेला असतो, त्यास प्रकारबद्ध गुणधर्म म्हणतात. पीएचपी या भाषेत ही सोय २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७.४ या आवृत्तीत आली.

उपक्लासमध्ये मेथड नव्याने लिहिताना परत मिळणाऱ्या मूल्याचा प्रकार अधिक मर्यादित, तर प्राचलाचा प्रकार अधिक व्यापक करता येतो. वारशाने आलेल्या, वाचता व बदलता येणाऱ्या गुणधर्माचा प्रकार मात्र मूळ क्लासप्रमाणेच ठेवावा लागतो. उदाहरणार्थ, ‘प्राणी’ प्रकारचा गुणधर्म उपक्लासने ‘कुत्रा’ असा मर्यादित केल्यास, त्यात ‘मांजर’ ठेवणारी मूळ क्लासची मेथड उपक्लासच्या ऑब्जेक्टवर चालणार नाही. उलट तो ‘सजीव’ असा व्यापक केल्यास, प्राण्याची अपेक्षा करणाऱ्या मेथडला ‘झाड’ मिळू शकेल. म्हणून प्रकारात असा बदल करणारा उपक्लास पीएचपी घोषणेच्या वेळीच नाकारते.