अमृत कोकम : वर्षभराचे सरबत आणि साखरेचे गणित

वैशाख सरत आला की कोकणातील घराघरांत रातांब्यांची लगबग सुरू होते. एप्रिलपासून फळे लाल-जांभळी होऊ लागतात आणि मे महिन्यात झाडे लगडतात. हंगाम भरात असतानाच वळवाच्या सरी येऊ लागतात. भिजलेले फळ लवकर सडते आणि ढगाळ हवेत सालीला ऊन मिळत नाही. त्यामुळे वर्षभर पुरेल इतके सरबत घरी करायचे, तर त्यासाठी हाताशी जेमतेम काही आठवडे असतात. एवढे करूनही अनेक घरांत श्रावणापर्यंत बरणीला फेस येतो, आंबूस वास सुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे साखरेत केलेली काटकसर.

एक फळ, तीन पदार्थ

रत्नागिरीकडे रातांबा आणि सिंधुदुर्गात भिरंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फळाचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. पश्चिम घाट आणि कोकण किनारपट्टी हे त्याचे मूळ घर. सालीला रसाची पुटे देऊन ती वाळवली की आमसूल होते. रसात मीठ घालून टिकवले की आगळ तयार होते आणि सोलकढीला तेच लागते. सालीत साखर भरून पाझरवलेला घट्ट पाक म्हणजे अमृत कोकम. बियांपासून निघणारे तेलही वाया जात नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती प्रसारित केल्या. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

कृती

पूर्ण पिकलेली, गडद रंगाची, टणक फळे निवडावीत. फुटलेली किंवा डागाळलेली फळे आगळासाठीही घेऊ नयेत. फळे स्वच्छ धुऊन कापडावर पसरावीत आणि पूर्ण कोरडी होऊ द्यावीत. नंतर ती आडवी कापून बिया गरासह काढून घ्याव्यात. फळाच्या वजनापैकी साधारण निम्मे वजन सालीचे असते. म्हणजे एक किलो साल हवी असल्यास दोन किलोच्या आसपास फळे घ्यावी लागतात.

काचेच्या किंवा चिनीमातीच्या कोरड्या बरणीत तळाशी साखरेचा थर द्यावा. सालीच्या वाट्यांत साखर भरून त्या एकावर एक रचाव्यात आणि सर्वांत वर पुन्हा साखर पसरावी. सालीच्या वजनाच्या दुप्पट साखर हे प्रमाण पाळावे. बरणीच्या तोंडाला मलमलचे कापड घट्ट बांधून ती सुमारे सात दिवस उन्हात ठेवावी आणि रात्री घरात घ्यावी. रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने मिश्रण खालीवर करावे. साखर पूर्ण विरघळली आणि साली आक्रसल्या की पाक गाळून घ्यावा. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चवीपुरते मीठ घालून तो लहान बाटल्यांत भरावा. उरलेल्या गोड-आंबट साली मुले आवडीने खातात.

भांड्यांबाबत काटेकोर राहावे. कोकम अत्यंत आम्लधर्मी असल्यामुळे तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियमची भांडी वापरू नयेत. पत्र्याची झाकणेही गंजतात.

साखर नेमके काय करते?

सालीवर साखर पडली की पेशींतील पाणी साखरेकडे ओढले जाते आणि त्यासोबत आम्ल, रंग व स्वादही बाहेर येतात. येथे वरून पाणी घालावे लागत नाही. पाकातील सगळे पाणी फळाचेच असते. साखर पुरेशी असेल तर हे पाणी तिच्यात इतके बांधले जाते की जिवाणूंना आणि बहुतेक किण्वांना वाढण्यापुरते ते मिळत नाही. त्यामुळेच पाक टिकतो.

आता गणित पाहू. ताज्या सालीत सुमारे ८० टक्के पाणी असते, म्हणजे एक किलो सालीत साधारण ८०० ग्रॅम. तिच्यात एक किलोच साखर घातली, तर पाकातील साखरेचे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास राहते. असा पाक चवीला पुरेसा गोड लागतो, पण बाहेर ठेवल्यास आंबू शकतो. दोन किलो साखर घातली तर हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत पोहोचते. फळांच्या सरबतात किमान ६५ टक्के विद्राव्य घटक असावेत, असा निकष अन्नसुरक्षा नियमांतही आहे. त्यामागचे कारण हेच.

सामान्य तापमानाला पाण्यात सुमारे ६७ टक्क्यांपर्यंतच साखर विरघळते. त्याहून घट्ट पाकात एरवी खडे धरतात. कोकमात मात्र आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विभागला जातो आणि खडे सहसा धरत नाहीत. साध्या पाकात लिंबाचे चार थेंब पिळण्याची जुनी रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

ऊन नसेल तर

शहरातील अनेक सदनिकांत दिवसभर ऊन पडत नाही. तेथे पाक करून घेणे सोयीचे. एक किलो साखरेत अर्धा लिटर पाणी घालून साखर विरघळेपर्यंत तापवावे, एक उकळी आणून मळी काढावी आणि गार होऊ द्यावे. आमसुले थोड्या कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून घेतलेला अर्क त्यात मिसळावा. या अर्काच्या पाण्याने पाक पातळ होतो. म्हणून हे सरबत शीतकपाटातच ठेवावे आणि थोड्या दिवसांत संपवावे. अर्क पाकासोबत उकळत ठेवू नये. कोकमाचा लाल रंग ॲन्थोसायनिन या द्रव्यांचा असतो आणि तो जास्त उष्णतेने फिका पडतो. प्रकाशानेही तो उतरतो, म्हणून भरलेल्या बाटल्या अंधाऱ्या जागी ठेवाव्यात.

करवंद आणि जांभळाचे सरबतही पाकात करता येते. जांभूळ कोकमाइतके आंबट नसल्याने त्यात लिंबाचा रस घालणे इष्ट.

बिघाड ओळखावा कसा?

बाटलीच्या मानेवर आतून पाण्याचे थेंब जमून खाली ओघळले, तर पाकाचा वरचा थर पातळ होतो आणि बुरशी तेथूनच सुरू होते. म्हणून पाक पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावावे. बाटली काठोकाठ भरावी आणि ओला चमचा कधीही घालू नये. फेस, बुडबुडे, मद्यासारखा वास किंवा फुगलेले झाकण ही आंबल्याची लक्षणे आहेत. बुरशी दिसल्यास वरचा थर काढून उरलेले सरबत वापरण्याचा मोह टाळावा.

बाजारातील सरबत फारच भडक लाल वाटल्यास एक सोपी चाचणी करता येते. पाण्यात मिसळलेल्या सरबतात खाण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. नैसर्गिक रंग आम्लता उतरताच जांभळट-निळसर होऊ लागतो. कृत्रिम लाल रंग बहुधा तसाच राहतो. ही चाचणी प्राथमिक आहे, खात्री प्रयोगशाळाच देऊ शकते.

पेल्यातील साखर

अमृत कोकम हे पित्तशामक आणि उन्हावरचा उतारा म्हणून घरोघरी प्यायले जाते. परंतु ३० मिलिलिटर पाकात सुमारे २५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात घ्यायच्या वरच्या साखरेची इष्ट मर्यादा साधारण एवढीच आहे. एका मोठ्या पेल्यातच ती संपते. कोकमाने वजन घटते असा प्रचार होतो, त्याला या साखरेपुढे फारसा अर्थ उरत नाही. मधुमेहींनी बिनसाखरेचे आगळ पाण्यात घालून घ्यावे. मात्र त्यात मीठ भरपूर असल्याने रक्तदाब असलेल्यांनी तेही बेतानेच प्यावे.

गोडी नको म्हणून बरणीतील साखर निम्मी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तसे केल्यास आरोग्य साधत नाही आणि सरबतही हातचे जाते. बरणीत प्रमाण पुरेपूर ठेवावे आणि पेल्यात पाक कमी घालून पाणी वाढवावे. कोकमाचा आंबटपणा इतका जोरकस असतो की दोन चमचे पाक, चिमूटभर सैंधव आणि माठातले पाणी एवढ्यातही त्याची चव पुरती उतरते.