फोन आपला, नंबर आपला, मग रेंज कुणाची?



भात झोडून झालं, वाल वर आलाय, आणि ई-पीक पाहणीसाठी जो तो फोन घेऊन बांधावर उभा आहे. सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो, "कुठलं कार्ड घेऊ? कुणाचं नेट फास्ट?" पेणला विचारलं तर एक उत्तर, रोह्याला दुसरं, आणि सुकेळी खिंडीच्या आसपास विचारलं तर तिसरंच. तिघंही खरंच बोलतात. असं का होतं हे कळायला मागची तीस वर्षं बघावी लागतात. म्हणून आज पिकाऐवजी फोनचा इतिहास लिहितोय.

भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर जायचा, आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. म्हणजे दुसऱ्याने आपल्याला फोन केला तरी आपला खिसा रिकामा. शेतकऱ्याने त्याच्याकडे बघायचंसुद्धा कारण नव्हतं. आपल्याकडे तेव्हा पिवळ्या पाटीचा पीसीओ. पेणचा एसटीडी कोड ०२१४३, रोह्याचा ०२१९४, मुंबईचा ०२२, हे आकडे जुन्या माणसांना अजून पाठ आहेत.

हा कोडचा फरक मोबाईलमध्येही आला. सरकारने देशाचे तुकडे पाडून परवाने दिले, त्याला सर्कल म्हणतात. मुंबई आणि नवी मुंबई एका सर्कलमध्ये, आणि पेण, रोहा हे महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. दोन्हीकडच्या कंपन्याही सुरुवातीला सगळ्या सारख्या नव्हत्या. आपला माणूस भाजी किंवा वाल घेऊन नवी मुंबईच्या हद्दीत शिरला की रोमिंग सुरू. जिल्ह्याचं सगळं पोट मुंबईच्या बाजारावर, आणि फोनला मात्र मुंबई परमुलूख. २००५ साली मुंबई आणि उरलेला महाराष्ट्र यांच्यातले कॉल एकाच सर्कलमधले धरायचे असं ठरलं, तेव्हा कुठे हा जाच कमी झाला.

त्याआधी दोन मोठ्या गोष्टी घडल्या. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाईल सेवा आली, आणि मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. प्रीपेड कार्ड खरं रुजलं ते इथून. महिन्याचं बिल नाही, पावसाळ्यात हातात पैसे नसले तर रिचार्ज नाही, तरी लोकांचे फोन येतात. मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवायची युक्ती त्याच काळातली. पीक आल्यावर पैसा हातात येणाऱ्या माणसाला हीच पद्धत सोयीची.

आता फोन कुणाचा, या मुद्द्यावर येऊ. अमेरिकेत बरीच वर्षं कंपनीच कराराने फोन द्यायची आणि तो दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर चालू नये म्हणून कुलूप घालायची. म्हणून तिकडे "तुमचाच फोन घेऊन या" अशी जाहिरात करावी लागते. आपल्याकडे उलटं होतं. फोन आपण दुकानातून घ्यायचा, कार्ड कुणाचंही टाकायचं. पण हे कुलूप आपल्याकडेही दोनदा येऊन गेलं.

पहिल्यांदा २००३ साली. रिलायन्सने सीडीएमए तंत्राचा फोन आणला आणि त्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून फोन हातात, अशी योजना काढली. ज्यांना मोबाईल स्वप्नातही परवडत नव्हता त्यांच्या हातात तो आला, हे मान्य करायलाच पाहिजे. पण सुरुवातीच्या त्या फोनात काढता येणारं सिम नव्हतं, नंबर फोनातच बसवलेला. कंपनी सोडली की फोन म्हणजे खेळणं. पुढे ते तंत्र मागे पडलं आणि २०१७ अखेर त्या कंपनीची मोबाईल कॉलसेवाही बंद झाली.

दुसऱ्यांदा २०१७ साली. त्याच्या आदल्या वर्षी, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं होतं आणि डेटाचे भाव कोसळले होते. पण जिओकडे टूजी, थ्रीजी नव्हतंच, फक्त फोरजी. कॉलसुद्धा फोरजीवरूनच, त्याला व्होल्टी म्हणतात. घरातल्या साध्या बटणाच्या फोनात ते कार्ड टाकून उपयोग शून्य. म्हणून कंपनीने १५०० रुपये अनामत घेऊन जिओफोन काढला. त्यात दुसऱ्या कंपनीचं कार्ड चालायचं नाही. फोन स्वस्त, पण दावं कंपनीच्या हातात.

नंबरचं दावं मात्र याआधीच सुटलं होतं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. तीही आधी सर्कलच्या आतच. पेणचा नंबर नवी मुंबईच्या सर्कलमध्ये नेता यायला ३ जुलै २०१५ उजाडावं लागलं. तुमच्या नंबरवर ट्रॅक्टरवाला, खतवाला, व्यापारी, बँक, आधार, पीएम किसान सगळं जोडलेलं असतं. नंबर बदलणं म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्यासारखी डोकेदुखी. त्यामुळे या नियमाने आपल्याला काय दिलं हे विसरू नका.

म्हणजे आज फोन आपला आहे आणि नंबर आपला आहे. राहिली रेंज. कंपन्या किती उरल्या? २०१२ साली सुप्रीम कोर्टाने १२२ परवाने रद्द केले, २०१८ साली व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, बाकीच्या गळून पडल्या. आता निवड चौघांतच, जिओ, एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचं देशी बनावटीचं फोरजीही सुरू झालं, त्यामुळे जुन्या अनुभवावरून त्याला निकाली काढू नका, नव्याने तपासा.

आता वेग. जाहिरातीतला वेग शहरातला. आपल्याकडचा वेग जमीन ठरवते. रेडिओ लहरींचं साधं आहे, ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, झाडी आणि भिंतीतून बऱ्या शिरतात, पण त्यांच्यावर डेटा कमी मावतो. २३००, २५०० आणि त्यावरच्या लहरींवर डेटा भरपूर, पण पल्ला कमी. पेणच्या खारेपाटात सपाट मोकळं रान, टॉवर लांब असला तरी समोर दिसतो. रोह्याकडे डोंगर मध्ये आला की त्याच्या सावलीतल्या वाडीला काहीच नाही. शिवाय टॉवर म्हणजे पाट, पाणी सगळ्यांनी वाटून घ्यायचं. रात्री आठला वेग पडतो तो यामुळेच. गणपतीला चाकरमानी गावी आले की नेट रांगायला लागतं, तेही यामुळेच.

"वेग चांगला" म्हणजे किती? सरकारची व्याख्याच बदलत गेली. ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २००४ मध्ये किमान २५६ केबीपीएस लागत होते, २०१३ मध्ये ५१२, आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. हिशोब करून बघा. पिकाचा एक फोटो ३ एमबी धरला तर तो २४ मेगाबिट होतो, कारण एका बाईटमध्ये आठ बिट. २ एमबीपीएसने तो १२ सेकंदांत जाईल, २५६ केबीपीएसला दीड मिनिट लागेल. पण लक्षात ठेवा, जाहिरातीतला आकडा डाऊनलोडचा असतो. आपण बांधावरून फोटो पाठवतो तेव्हा लागतो अपलोड, आणि तो बराच कमी असतो. सिनेमा बघणाऱ्याचा आणि पीक नोंदवणाऱ्याचा वेग एक नाही.

मग तुलना कशी करायची? जशी वाणाची करतो तशी. दोन वाण तपासताना जमीन तीच, खत तेच, पाणी तेच, फक्त बियाणं वेगळं ठेवतो. इथेही फोन एकच ठेवा आणि कार्ड बदला. शेजाऱ्याचा वेग त्याच्या नव्या फोनवर आणि तुमचा जुन्या फोनवर, ही तुलना म्हणजे त्याची गाळाची जमीन आणि तुमचा माळ. घरातल्या कुणाचं दुसऱ्या कंपनीचं कार्ड थोडा वेळ मागून घ्या. ट्रायचं मायस्पीड ॲप आहे, ते टाका. वायफाय बंद करा. घर, बांध आणि गोठा अशा तीन जागी, सकाळ, दुपार आणि रात्री आठ अशा तीन वेळी मोजा, आणि वहीत लिहा. डाऊनलोडसोबत अपलोडही लिहा. दोन दिवसांत उत्तर मिळतं. कंपन्यांनी आपापल्या रेंजचे नकाशे वेबसाईटवर टाकायचे असा नियमही २०२४ मध्ये झाला आहे, पण नकाशा म्हणजे नजर अंदाज. पंचनामा आपणच करायचा.

जुना किंवा सेकंडहँड फोन वापरणार असाल तर आधी तो तपासा. व्होल्टी आहे का, आणि त्या कंपनीच्या लहरी, म्हणजे बँड, त्यात आहेत का, हे मॉडेलच्या माहितीत मिळतं. *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून तो आकडा टाईप करून १४४२२ वर पाठवा, फोन काळ्या यादीत असला तर कळेल. कंपनी बदलायची तर इंग्रजीत पोर्ट, जागा, आणि आपला नंबर टाईप करून १९०० वर पाठवा. कोड येतो, तो चार दिवस चालतो. त्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, आणि जुलै २०२४ पासून सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. जुन्या कार्डावरचा शिल्लक रिचार्ज बुडतो, म्हणून मुदत संपत आली की मगच हलवा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या जिल्ह्यावर आलं. वीज गेली, मग टॉवरच्या बॅटऱ्या आणि डिझेल संपलं, आणि फोन मुके झाले. त्या वेळी एमबीपीएस कुणी मोजत नव्हतं, एक कॉल लागावा एवढंच हवं होतं. म्हणून दोन कार्डांच्या फोनात दोन वेगळ्या कंपन्या ठेवा. पण तेवढ्यावर थांबू नका. बऱ्याच ठिकाणी एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्या भाड्याने बसतात. टॉवर एक, वीज एक, तर गेल्यावर दोन्ही एकदम जाणार. दोन कार्डं दोन वेगळ्या टॉवरवरून चालतात का, हे आपल्या गावात विचारून घ्या. दुसरं कार्ड चालू ठेवायला महागडा डेटा प्लॅन लागत नाही. फक्त कॉल आणि मेसेजचा प्लॅन द्यायलाच हवा, असं ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे.

तेव्हा "कुणाचं नेट फास्ट" हे मुंबईच्या भाच्याला विचारू नका. आपल्या बांधाला विचारा. पेण-रोह्यातल्या मंडळींनी आपलं गाव, जागा, वेळ आणि अपलोडचा आकडा इथे खाली लिहावा. शंभर नोंदी झाल्या तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरा नकाशा आपल्याच हातात येईल.

जय किसान 🌾