आगबोटींचीं चित्रकार्डें व देशावरील दप्तरें

जुन्या घराण्यांचीं दप्तरें तपासतांना शोधकाची दृष्टि सनदा, महजर, वतनपत्रें व हिशेबाचे बंद यांवर असते. त्याच दप्तरांच्या अलीकडील रुमालांत टपालाचीं चित्रकार्डेंही निघतात. बंदराचा देखावा, नांगरलेली आगबोट, किनाऱ्यावरील घोडागाड्या अशीं चित्रें पाहून इतिहासशोधक तीं मुलांचा खेळ म्हणून बाजूस सारतो. तिकिटांचा संग्राहक तिकीट सोडवून घेतो आणि व्यापारी चित्र पाहून किंमत सांगतो. तिघांच्याही हातून कागद मात्र बिघडतो. हीं कार्डें अस्सल कागद असून त्यांची साक्ष कशी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत टिपणांत केला आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या पंढरपूर तालुक्यांतील करकंब हें गांव या विचारास सोयीचें आहे. येथून कोंकणचा किनारा सरळ रेषेंत २०० किलोमीटरांहून अधिक दूर. तथापि मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० सालीं सोलापुरास पोहोंचला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत बार्शी लाइट रेल्वे आली. मुंबईस शिकावयास किंवा नोकरीस गेलेल्या माणसाचें खुशालीपत्र या वाटेनें या मुलुखांत येण्यास अडचण उरली नाहीं. तेव्हां समुद्राचें चित्र समुद्रापासून इतक्या दूरच्या दप्तरांत कां, या प्रश्नांतच त्या कागदाचें ऐतिहासिक मोल आहे.

प्रथम कार्डाचा काळ पाहूं. टपालाचें कार्ड ऑस्ट्रिया-हंगेरींत १ ऑक्टोबर १८६९ रोजीं निघालें. हिंदुस्थानांत एक पैसा दराचें सरकारी कार्ड १ जुलै १८७९ पासून सुरू झालें. त्यावर चित्र नसे. चित्रकार्डांचा प्रसार त्या शतकाच्या अखेरीस झाला. आरंभीं कार्डाची मागील बाजू केवळ पत्त्याकरितां राखलेली असे, म्हणून मजकूर चित्राच्या कडेस दाटीनें लिहावा लागे. इंग्लंडांत १९०२ सालीं, फ्रान्सांत १९०४ त व जर्मनींत १९०५ त ती बाजू उभ्या रेघेनें दुभागून पत्त्याशेजारीं मजकूर लिहिण्याची मोकळीक मिळाली. यास्तव दुभागलेलें कार्ड सामान्यतः १९०२ पूर्वींचें धरतां येत नाहीं. तिकिटावरील मुद्रेचाही असाच उपयोग होतो. पंचम जॉर्जची मुद्रा असलेलें तिकीट १९११ पूर्वींचें असूं शकत नाहीं. उलट सप्तम एडवर्डचें तिकीट तो वारल्यानंतरही कोणी लावलें असेल.

चित्रांतील वास्तूंची साक्ष याहून बोलकी असते. मुंबईच्या पालवा बंदराचें चित्र घ्या. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें. गेटवेची कमान ४ डिसेंबर १९२४ रोजीं खुली झाली. चित्रांत ताज पुरा असून कमानीच्या जागीं मोकळा धक्का असेल, तर तें चित्र या दोन सालांच्या दरम्यान घेतलेलें ठरतें. गोदींच्या चित्रांसही हाच न्याय लागू आहे: प्रिन्सेस गोदी १८८० ची, व्हिक्टोरिया गोदी १८८८ ची, अलेक्झांड्रा गोदी १९१४ ची. परंतु येथें एक सावधगिरी अवश्य आहे. चित्र घेतल्याचा काळ, कार्ड छापल्याचा काळ व पत्र लिहिल्याचा काळ हे तीन निराळे होत. दुकानदाराजवळचा साठा संपेपर्यंत जुनें चित्र विकलें जाई. म्हणून चित्रावरून पत्र कोणत्या सालापूर्वींचें नाहीं एवढेंच कळतें. नेमकी तिथि टपालाच्या शिक्क्यावरून किंवा लिहिणाऱ्याच्या हातच्या मितीवरूनच घ्यावी.

आगबोटींच्या कार्डांविषयीं अधिक जपलें पाहिजे. पी. अँड ओ. कंपनीच्या मोरिया बोटीवरून ८ जुलै १९१० रोजीं मार्सेय बंदरांत सावरकरांनीं समुद्रांत उडी घेतली. त्या प्रकरणाचा निवाडा हेगच्या लवादानें २४ फेब्रुवारी १९११ रोजीं दिला. याच कंपनीच्या राजपुताना बोटीनें गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ रोजीं मुंबईहून गोलमेज परिषदेस निघाले; ती बोट पुढें दुसऱ्या महायुद्धांत १९४१ सालीं बुडाली. या बोटींचें कार्ड हातीं आलें म्हणजे तें त्या प्रसंगाचा कागद झाला असें नव्हे. लिहिणारा त्या बोटीवर होता हेंही, मजकुरांत आधार असल्यावांचून, म्हणतां येत नाहीं. बोटीची प्रवासीण नसलेली माणसेंही बोटीचें चित्र विकत घेत.

कोंकणच्या वाहतुकींतील बोटींस तुकाराम, रामदास अशीं नांवें होतीं. पंढरीच्या वाटेवरील गांवास तीं ओळखीचीं. पण त्यांच्या आठवणी शोकाच्या आहेत. तुकाराम १९२७ सालीं बुडाली. रामदास मुंबईहून रेवसकडे जातांना १७ जुलै १९४७ रोजीं बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. अशा बोटीच्या प्रवासाचा उल्लेख असलेली खुशालीची एक ओळ चित्राहून मोलाची होय.

रंगांवर मात्र विसंबूं नये. क्लिफ्टन आणि कंपनीसारख्या मुंबईच्या प्रकाशकांनीं कार्डें काढलीं, तरी १९१४ च्या युद्धापूर्वीं हिंदुस्थानच्या देखाव्यांचीं पुष्कळ कार्डें जर्मनींत छापलीं जात. काळ्या छायाचित्रावर रंग चढविणाऱ्या कारागिरानें मुंबईचा समुद्र पाहिलेला असेलच असें नाहीं. निळें पाणी, तांबडें आकाश व धुराड्याचा दाट धूर ही छापखान्याची भर समजावी.

आतां मुख्य मुद्दा. कार्डाच्या मागील बाजूस पत्ता, शिक्के व मजकूर यांनीं माणसाचा वावर नोंदलेला असतो. मजकूर पुष्कळदां मोडींत असावयाचा, कारण खाजगी लिखाणांत ती लिपि विसाव्या शतकांतही चालू होती. आज मोडी वाचणारे थोडे. म्हणून व्यापारी तो मजकूर निरुपयोगी समजून केवळ चित्राची बाजू दाखवितो. समजा, करकंबच्या एका वाड्यांत पालव्याचें कार्ड निघालें. तें त्याच रुमालांत राहिलें, तर शेजारच्या हिशेबावरून पाठविणारा कोण, मुंबईस कां गेला, पैसे कोणी पुरविले, हें कळण्याचा संभव आहे. तेंच कार्ड सुटें होऊन बाजारांत गेलें, कीं तें पालव्याच्या हजार कार्डांपैकीं एक होतें. करकंबचा त्यावरील हक्क बुडाला.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे. तिकीट सोडवूं नये. कार्ड डिंकानें वहींत चिकटवूं नये, कारण त्यायोगें मागील बाजू कायमची झांकते. दोन्ही बाजूंची नक्कल घ्यावी, मोडी मजकुराचें बाळबोध लिप्यंतर जोडावें, आणि कार्ड कोणत्या गांवीं, कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांच्या संगतींत मिळालें, हें त्याच दिवशीं निराळ्या कागदावर टिपून ठेवावें. ताम्रपटाचें प्राप्तिस्थान आपण आस्थेनें नोंदतों. तोच मान एका पैशाच्या कार्डासही मिळावा.