कबुलीची किंमत : दिल्लीतील 44 जणांचा नकार

गुन्ह्याची कबुली द्यायची आणि तिच्या मोबदल्यात सौम्य शिक्षा घ्यायची, अशी जी तडजोड आरोपी व सरकारी पक्ष यांच्यात होते, तिला 'प्ली बार्गेनिंग' म्हणतात. अमेरिकेत बहुतेक फौजदारी खटले याच वाटेने निकाली निघतात. भारतात मात्र 2006 पर्यंत तिला कायद्याचा आधार नव्हता आणि सर्वोच्च न्यायालयही तिला प्रतिकूल होते. महाराष्ट्रातील भेसळीच्या एका खटल्यात 1976 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी अशा देवघेवीत समाजाच्या हिताचाच बळी जातो, असा अभिप्राय नोंदवला, तर 1980 मध्ये गुजरातच्या खटल्यात न्या. भगवती यांनी त्याहून मूलगामी भीती व्यक्त केली, ती अशी की, लांबलेल्या खटल्याचा जाच टाळण्यासाठी निर्दोष माणूसही दोष कबूल करून मोकळा होईल.

ज्या दिरंगाईमुळे न्यायालयाला ही भीती वाटली, तीच पुढे या पद्धतीच्या बाजूने मांडली गेली. तुंबलेले खटले आणि तुरुंगात खितपत पडलेले कच्चे कैदी यांचा दाखला देत विधी आयोगाने 1991 मध्ये 142 व्या अहवालात तिची शिफारस केली, 2003 मध्ये मलिमथ समितीने तिला दुजोरा दिला आणि 5 जुलै 2006 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत 'प्रकरण 21-अ' लागू झाले. फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षांहून अधिक कैदेचे गुन्हे, तसेच स्त्रिया व 14 वर्षांखालील मुले यांच्याविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळले होते. त्याच गुन्ह्यासाठी पूर्वी शिक्षा झालेल्यालाही ही सवलत नव्हती. आरोपी स्वेच्छेने अर्ज करत आहे ना, याची न्यायाधीशाने त्याला बंद दालनात विचारून खात्री करायची होती. अर्ज मंजूर झाला तरी नोंद दोषसिद्धीचीच होई आणि त्या निकालावर नेहमीचे अपील चालत नसे. पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला हा सौदा स्वस्त वाटतो. पण त्याची खरी किंमत या दोन अटींत आहे.

दिल्लीत या कायद्याची मोठी कसोटी 2020 मध्ये लागली. करोनाच्या टाळेबंदीच्या काळात निजामुद्दीनच्या मरकजमध्ये (मुख्यालयात) जमल्याच्या आरोपावरून तबलिगी जमात या इस्लामी धर्मप्रसारक संघटनेच्या साडेनऊशेच्या आसपास परदेशी नागरिकांवर दिल्ली पोलिसांनी आरोपपत्रे दाखल केली. व्हिसाच्या अटींचा भंग, साथरोग कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा असे आरोप होते आणि खटला संपेपर्यंत मायदेशी परतणे शक्य नव्हते. जुलैमध्ये साकेत न्यायालयापुढे दूरदृश्य प्रणालीने सुनावण्या झाल्या, तेव्हा तक्रारदार असलेले डिफेन्स कॉलनीचे उपविभागीय दंडाधिकारी, लाजपत नगरचे पोलीस अधिकारी आणि निजामुद्दीनचे निरीक्षक यांनी हरकत नसल्याचे सांगितले. सौम्य आरोप कबूल करून मलेशियाचे 60 नागरिक प्रत्येकी 7,000 रुपये, तर सौदी अरेबियाचे नागरिक प्रत्येकी 10,000 रुपये दंड भरून मोकळे झाले, आणि पाठोपाठ इतर अनेक देशांच्या नागरिकांनीही तोच मार्ग धरला.

44 जणांनी मात्र कबुली नाकारून खटला लढवण्याचे ठरवले. 24 ऑगस्ट रोजी त्यांच्यापैकी आठ जणांना पुराव्याअभावी आरोपमुक्त करण्यात आले, तर उरलेल्या 36 जणांवर काही आरोप निश्चित झाले. तीनच दिवस आधी, 21 ऑगस्टला, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यातील जमातच्याच 29 परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे म्हटले होते. 15 डिसेंबरला मुख्य महानगर दंडाधिकारी अरुण कुमार गर्ग यांनी 36ही जणांची निर्दोष मुक्तता केली. संबंधित काळात ते मरकजमध्ये हजर होते, हेच सरकारी पक्षाला सिद्ध करता आले नाही. ज्यांनी दंड भरला त्यांच्याविरुद्धचा पुरावा कधी तपासलाच गेला नाही, आणि ज्यांनी नकार दिला त्यांच्यापैकी या 36 जणांना निर्दोष ठरण्यासाठी आणखी पाच महिने परक्या मुलुखात काढावे लागले.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या तडजोडीत दोन बदल केले. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला किमान शिक्षेच्या एक चतुर्थांश, किंवा किमान शिक्षा नसल्यास विहित शिक्षेच्या एक षष्ठांश इतकीच शिक्षा देता येते. जुन्या कायद्यात हे प्रमाण अनुक्रमे निम्मे व एक चतुर्थांश होते. मात्र अर्ज आरोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांच्या आत करावा लागतो. म्हणजे सवलत वाढली आणि विचाराची मुदत आखडली. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण दोषी-निर्दोष असा भेद करत नाही, आणि खटल्याच्या लांबणीची भीतीही तो करत नाही. म्हणून खटले वेळेत संपू लागत नाहीत, तोवर अशा कबुलीला सर्वस्वी स्वेच्छेची म्हणता येणार नाही.