अनाहूत आणि घाऊक : ‘स्पॅम’ या शब्दाची कुळकथा

एखाद्या शब्दाचा अर्थ कालांतराने हीन होत जाणे याला भाषाविज्ञानात अर्थापकर्ष म्हणतात, आणि ‘स्पॅम’ या शब्दाची नोंद त्याच सदराखाली करण्याचा मोह सहज होतो. कारण अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ऑस्टिन या गावच्या हॉर्मेल कंपनीने 1937 मध्ये बाजारात आणलेल्या डबाबंद मांसाचे हे नाव आज नकोशा संदेशांना चिकटले आहे. परंतु डब्यातील मांसाची प्रत घसरली म्हणून हे नाव बदनाम झाले असे नाही. ते सगळीकडे आणि सदासर्वकाळ समोर येत राहिले म्हणून झाले, आणि पुढे संगणकीय संवादात या शब्दाला जे जे अर्थ लाभले त्यांच्या बुडाशी मजकुराच्या वाईटपणापेक्षा ही अतिपुनरुक्तीच अधिक आहे.

डुकराच्या खांद्याचे मांस आणि हॅम, म्हणजे मिठात मुरवलेले मांडीचे मांस, एकत्र करून बनवलेल्या या पदार्थाला नाव सुचवल्याबद्दल केनेथ डेनो या नटाला 100 डॉलर बक्षीस मिळाले. ‘मसालेदार हॅम’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो संकोच असावा असे सामान्यतः मानले जाते. डबा न उघडता दीर्घकाळ टिकतो, त्याला शीतगृह लागत नाही, या गुणांमुळे दुसऱ्या महायुद्धात तो दोस्त राष्ट्रांच्या सैन्याबरोबर जगभर पोचला. ब्रिटनमध्ये मांसावरील शिधावाटप 1954 पर्यंत चालू होते, त्यामुळे तेथील एका पिढीच्या जिभेवर या पदार्थाची चव आणि कंटाळा दोन्ही एकदमच बसले.

या कंटाळ्याचे विडंबन ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ या बीबीसीवरील विनोदी मालिकेने 15 डिसेंबर 1970 रोजी केले. एका उपाहारगृहातील जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम आहे, एका गिऱ्हाइकाला तो नको आहे, आणि शेजारी बसलेले व्हायकिंग त्याच एका शब्दाचे समूहगान इतक्या मोठ्याने करतात की इतरांचे बोलणे त्यात बुडून जाते, एवढाच त्या प्रहसनाचा विषय. संगणकीय अर्थाची बीजे या शेवटच्या तपशिलात आहेत. 1980 च्या दशकात अनेक खेळाडू एकाच वेळी दूरस्थ संगणकाशी जोडून घेऊन केवळ मजकुराच्या आधारे खेळत असत अशा ‘मड’ नावाच्या खेळांत कोणी खोडसाळपणे तोच मजकूर पुनःपुन्हा पाठवून पडद्यावरील इतरांचे संभाषण वर सरकवून टाकी, आणि त्या कृतीला हे प्रहसन पाठ असलेल्या खेळाडूंनी ‘स्पॅम करणे’ म्हटले. नामाचे क्रियापद येथे झाले, आणि त्या क्रियापदाला विक्रीशी किंवा फसवणुकीशी काहीही देणेघेणे नव्हते.

1980 च्या सुमारास सुरू झालेल्या युजनेट या चर्चागटांच्या जाळ्यात हा शब्द रुजला तोही अपघातानेच. रिचर्ड डेप्यू या सदस्याने आक्षेपार्ह निनावी संदेश काढून टाकण्यासाठी एक आज्ञावली लिहिली होती. 31 मार्च 1993 रोजी तिच्यातील चुकीमुळे ती स्वतःच्याच संदेशांना उत्तरे देत सुटली आणि एका चर्चागटात सुमारे 200 संदेश ओतून मोकळी झाली. ज्या घटनेला त्या जाळ्यावर ‘स्पॅम’ हे नाव प्रथम ठळकपणे लागले, ती अशी स्वच्छतेच्या साधनाने केलेली घाण होती. तिच्यात हेतू नव्हता, लाभही नव्हता. होती ती केवळ संख्या.

व्यापाराचा संबंध वर्षभराने आला. लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या ॲरिझोना राज्यातील वकील दांपत्याने 12 एप्रिल 1994 रोजी अमेरिकेतील कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, म्हणजे ग्रीन कार्डाच्या, सोडतीसाठी आपली सेवा देऊ करणारी जाहिरात साडेपाच हजारांहून अधिक चर्चागटांत टाकली. एकच संदेश अनेक गटांना जोडून पाठवण्याची आणि वाचकाला तो एकदाच दिसण्याची सोय युजनेटवर होती; या जाहिरातीची प्रत मात्र प्रत्येक गटात स्वतंत्रपणे टाकण्यात आली, म्हणून दहा गट वाचणाऱ्याला ती दहा वेळा वाचावी लागली. निषेधाच्या पत्रांचा इतका भडिमार झाला की त्यांना जोडणी पुरवणाऱ्या कंपनीची यंत्रे वारंवार बंद पडली. वकील दांपत्याने माफी मागितली नाही, उलट अशा जाहिरातीतून पैसा कसा करावा यावर पुस्तक लिहिले. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो, तसे या प्रकरणात झाले.

तरीही युजनेटवरील जाणत्यांनी व्याख्या करताना मजकुराला हात लावला नाही, ही गोष्ट त्यांच्या शहाणपणाची द्योतक मानली पाहिजे. सेथ ब्राइडबार्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्देशांकात संदेशाची प्रत्येक प्रत किती गटांना पाठवली गेली त्या संख्येचे वर्गमूळ काढून सगळ्यांची बेरीज करत. शंभर गटांत शंभर स्वतंत्र प्रती टाकल्या तर निर्देशांक 100 येई, एकच प्रत शंभर गटांना जोडून पाठवली तर 10. पंचेचाळीस दिवसांत ही बेरीज 20 वर गेली की संदेश रद्द करण्यास योग्य ठरे, मग तो देवधर्माचा असो की दंतमंजनाचा. अर्थाचा निवाडा गणिताने करण्याचा असा प्रयत्न शब्दांच्या इतिहासात विरळाच असावा.

ईमेलचा प्रसार वाढताच हे गणित अपुरे पडले, कारण खाजगी पेटीत आलेली प्रत एकच असते आणि तिच्या लक्षावधी जुळ्या भावंडांचा वाचकाला पत्ताही नसतो. मोजण्याजोगी पुनरुक्ती दृष्टीआड झाली, तेव्हा ‘अनाहूत’ हा निकष पुढे आला: संदेश घाऊक आहे काय, याबरोबर तो मागितला होता काय, हेही पाहिले जाऊ लागले. या नव्या निकषाने जुन्या घटनांचेही बारसे केले. गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने 3 मे 1978 रोजी अर्पानेट या सरकारी संशोधन-जाळ्यावरील सुमारे 400 जणांना आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण पाठवले होते. आज ते ‘पहिले स्पॅम’ म्हणून सांगितले जाते. पण तेव्हा त्यावर झालेला आक्षेप सरकारी साधनाच्या गैरवापराचा होता आणि त्याला हे नाव द्यावे असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

अमेरिकेच्या 2003 च्या कायद्याने नियमन केले ते व्यापारी ईमेलचे, आणि तेही प्राप्तकर्ता नको म्हणेपर्यंत पाठवण्याची मुभा ठेवून. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशाने आधी संमती मागितली. भारतातील दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2010 च्या विनियमांत ‘अनाहूत व्यावसायिक संदेश’ या आशयाची संज्ञा योजली. कायदा असा व्यापाराभोवती अर्थसंकोच करत असताना यंत्राने भलतीच दिशा धरली. पॉल ग्रॅहॅम यांनी ऑगस्ट 2002 मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार गाळणी-आज्ञावली वापरणाऱ्याने आधी बाजूला काढलेल्या पत्रांतील शब्दांची वारंवारता पाहून नवे पत्र स्पॅम असण्याची संभाव्यता ठरवते. म्हणजे ज्याला तो स्पॅम म्हणेल ते स्पॅम. व्याख्या समूहाकडून व्यक्तीकडे आली. हव्याशा पत्रांना या क्षेत्रातील लोक ‘हॅम’ म्हणू लागले, त्यामुळे डब्यात एकत्र नांदणारे दोन शब्द येथे एकमेकांचे विरोधी ठरले.

मूळ डबा अजून विकला जातो, आणि मोठ्या लिपीत लिहिलेले नाव आमचे, लहान लिपीतील पत्रांचे, अशी विभागणी हॉर्मेल कंपनीने इंग्रजीपुरती सुचवली होती. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्याने ती सोय मराठीला नाही, अर्थात गरजही नाही, कारण मराठीत हा शब्द मांसाशिवायच आला. पत्र ‘स्पॅममध्ये गेले’ या प्रयोगात तो एका जागेचे, टपालपेटीतील अडगळीच्या कप्प्याचे नाव आहे; ‘स्पॅम कॉल’ म्हणताना ते विशेषण होते आणि त्याला फसवणुकीचा वास येतो. ‘ग्रुपवर स्पॅम करू नका’ या तंबीत मात्र मडकालीन क्रियापद जसेच्या तसे परत आलेले दिसते. तेथे सुप्रभाताची फुले आणि सुविचार पाठवणारा ओळखीचा, बहुधा वडीलधारा असतो, मजकूर निरुपद्रवी असतो, विकायचे काही नसते. फक्त त्या ओघात मघाशी कोणीतरी विचारलेला दवाखान्याचा पत्ता वर सरकून दिसेनासा होतो.